लिस्बन एका दिवसात, पायी: चढ एकदाच, मग उतरत नदीपर्यंत

लिस्बनमध्ये एकच दिवस हातात असेल तर बहुतेक लोक नदीकाठच्या मोठ्या चौकापासून सुरुवात करतात, कारण नकाशावर तो मधोमध दिसतो. तिथून किल्ल्यावर चढायचं, जेवायला खाली यायचं, दुपारी पुन्हा शियादोची टेकडी चढायची आणि चार वाजता पाय बोलायला लागले की पश्चिमेकडचं नदीकाठचं बेलेम सोडून द्यायचं, असा तो दिवस जातो. अंतर फारसं नसतं, थकवतो तो चढ. खाली दिलेला मार्ग जुन्या शहराच्या सगळ्यांत उंच भागातून सुरू होतो आणि दुपारपर्यंत नदीला येऊन मिळतो. मोठा चढ सकाळी ट्राम चढते, दुपारचा चढ सरकते जिने चढतात. चालणं सगळं मिळून नऊ-दहा किलोमीटर. सकाळी आठला सुरुवात केली तर संध्याकाळी बेलेमला तेजो नदीवर सूर्यास्त बघून दिवस संपतो.

या क्रमाचा आणखी एक फायदा आहे. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी झालेल्या भूकंपाने, त्यामागून आलेल्या त्सुनामीने आणि कित्येक दिवस धुमसत राहिलेल्या आगीने लिस्बनचा सखल भाग नाहीसा झाला. अल्फामाची टेकडी भक्कम खडकावर असल्यामुळे बरीचशी वाचली. त्यामुळे वरून खाली येताना तुम्ही आधी भूकंपापूर्वीच्या वाकड्यातिकड्या शहरातून चालता आणि मग एकदम आखीवरेखीव नव्या शहरात उतरता. दोन्हींमधली सीमा पायांनाच कळते.

निघण्याआधी

वार आधी ठरवा. सोमवारी जेरोनिमोस मठ आणि बरीच संग्रहालयं बंद असतात, त्यामुळे एकच दिवस असेल तर तो सोमवार नको. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असतात, फिरायला मोकळीक नसते, आणि कार्मोचं संग्रहालयही बंद असतं. मंगळवार आणि शनिवार सगळ्यांत चांगले, कारण त्या दोनच दिवशी वाटेत जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर चालायला हवा उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशी ओलांडू शकतो आणि पांढऱ्या दगडांवरून ऊन डोळ्यांवर येतं, तेव्हा गॉगल आणि टोपी हवीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावसाचे महिने. १२ जूनच्या रात्री सेंट अँथनीच्या सणामुळे अल्फामात पाय ठेवायला जागा नसते. सण बघायचा असेल तर अवश्य जा, पण त्या दिवशी शहर बघून होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

बुटांबद्दल तडजोड करू नका. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांनी हाताने बसवलेले आहेत. वर्षानुवर्षांच्या पावलांनी ते गुळगुळीत झाले आहेत, आणि उतारावर कोरडे असतानाही निसटतात. चामड्याच्या तळव्याचे बूट, झिजलेल्या चपला किंवा टाचांची पादत्राणं घातलेली माणसं इथे रोज घसरतात. खाचा असलेला रबरी तळवा हवा, आणि बूट नवे नकोत. पाऊस पडला तर पायऱ्यांवर कठड्याचा हात सोडू नका आणि ट्रामच्या ओल्या रुळांवर पाय देऊ नका. चाकांची बॅग घेऊन या मार्गावर निघू नका. ती हॉटेलात किंवा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवा.

तिकिटाचं गणित थोडं समजून घ्या. मेट्रोच्या यंत्रातून नावेगांते कार्ड घ्या. कोऱ्या कार्डाची किंमत अर्धा युरो असते आणि प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. यंत्र चोवीस तासांचा पासही सुचवतं. पण साधा पास फक्त मेट्रो, बस आणि ट्रामवर चालतो, बेलेमच्या लोकलगाडीवर नाही. पास घेतलेले पर्यटक संध्याकाळी गाडीच्या फाटकावर अडकतात ते यामुळेच. चालण्याच्या दिवसात वाहनं तीन-चार वेळाच लागतात, म्हणून कार्डावर ‘झॅपिंग’ या प्रकारात दहा युरोंच्या आतली रक्कम भरा. ती ट्राम, मेट्रो आणि लोकल सगळीकडे चालते, आणि ट्रामच्या चालकाकडे रोख तिकीट काढण्यापेक्षा बरीच स्वस्त पडते. आधी काढलेलं दुसऱ्या प्रकारचं तिकीट कार्डावर शिल्लक असेल तर झॅपिंग भरता येत नाही. तशा वेळी नवं कार्ड घेणं सोपं.

नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, रिकामी बाटली पुरे. थोडी नाणी खिशात ठेवा. कुठल्याही पास्तेलारियात, म्हणजे बेकरीवजा कॅफेत, काउंटरवर उभं राहून कॉफी घेतली की तिथलं स्वच्छतागृह वापरता येतं. सार्वजनिक स्वच्छतागृह शोधत फिरण्यापेक्षा हा मार्ग खात्रीचा. तीच कॉफी बाहेर खुर्चीवर बसून घेतली तर महाग पडते.

आठ वाजता: मार्तिम मोनिझ ते ग्रासा

मेट्रोच्या हिरव्या मार्गावर मार्तिम मोनिझ स्थानकात उतरा. वरच्या चौकाच्या कडेला २८ क्रमांकाच्या ट्रामचा पहिला थांबा आहे. या ट्रामची कीर्ती इतकी की साडेनऊनंतर इथे तासभराची रांग लागते, आणि आत उभ्याने, दाटीवाटीत, खिसेकापूंच्या सोबतीने प्रवास होतो. आठच्या आत आलात तर बसायला जागा मिळते. खिशातलं पाकीट तरीही पुढच्या खिशात घ्या आणि पाठपिशवी पोटाशी. ट्रामचा अनुभव घ्यायचा असेल तर तो आत्ताच, या दहा-बारा मिनिटांत घ्या. दिवसभरात पुन्हा तिच्या नादी लागू नका.

ग्रासाच्या मुख्य रस्त्यावर उतरून पाच-सात मिनिटं चढ चाललं की सेन्योरा दो मोंते हा देखावा बघायचा कठडा लागतो. सकाळी इथे येण्याचं कारण ऊन आहे. कठडा पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे उघडतो, त्यामुळे सकाळचा सूर्य पाठीशी राहतो आणि समोरचं सगळं शहर उजळलेलं दिसतं. संध्याकाळी याच जागी सूर्य थेट डोळ्यांत येतो, फोटोत छपरांच्या काळ्या आकृत्या उरतात आणि गर्दी दसपट असते. इथेच दिवसाचा नकाशा डोळ्यांनी वाचून घ्या: डावीकडे किल्ल्याची भिंत, खाली बाइशाच्या, म्हणजे सखल भागाच्या, सरळ गल्ल्या, पलीकडच्या टेकडीवर कार्मोच्या बिनछपराच्या कमानी, आणि दूर नदीवर १९६६ साली खुला झालेला लाल झुलता पूल. तो आज २५ एप्रिल पूल म्हणून ओळखला जातो. बेलेम त्या पुलाच्याही पलीकडे आहे. तिथवर चालत जायचा बेत करणाऱ्यांनी हे अंतर इथून एकदा बघून घ्यावं.

तिथून परत ग्रासाच्या चौकात उतरा आणि नाश्ता करा. चर्चशेजारच्या दुसऱ्या कठड्यावर पाइनच्या सावलीत कॉफीचं दुकान आहे, पण चौकातल्या साध्या पास्तेलारियात टोस्ट आणि दुधाची कॉफी निम्म्या किमतीत मिळते. काचेच्या कपाटात शामुसा दिसला तर ओळख पटेल: तो आपला समोसाच, गोव्याहून आणि मोझांबिकमार्गे इथे पोचलेला. सारण बहुधा मांसाचं असतं, विचारूनच घ्या.

साव व्हिसेंते: मुंबई ज्या लग्नात गेली

ट्रामच्या रुळांच्या मागोमाग उतरत गेलात की दहा मिनिटांत साव व्हिसेंते दे फोरा मठाचे दोन पांढरे मनोरे समोर येतात. ‘दे फोरा’ म्हणजे तटाबाहेरचा. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिक्सने मूर, म्हणजे मुस्लिम, सत्तेकडून शहर जिंकलं त्या वर्षी त्याने इथे मठ स्थापला. आजची इमारत १५८२ नंतरची. चर्चचं दार वेगळं आणि मठाचं वेगळं. मठाला तिकीट आहे आणि तो साधारण दहाला उघडतो.

या दिवसात एकाच ठिकाणी तिकीट काढायचं असेल तर मराठी वाचकाने ते इथे काढावं. ओवऱ्यांच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सची चित्रं आहेत. पोर्तुगीज भाषेत त्यांना अझुलेझु म्हणतात, आणि पणजीच्या जुन्या घरांवर त्यांची भावंडं दिसतात. आतल्या दालनात ब्रागांझा राजघराण्याच्या शवपेट्या आहेत, त्यांत कॅथरिन ऑफ ब्रागांझाचीही आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी तिचं लग्न ठरलं तेव्हा १६६१ च्या करारात मुंबई आंदण म्हणून दिली गेली. १६६८ मध्ये चार्ल्सने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. नवरा गेल्यावर कॅथरिन लिस्बनला परतली आणि १७०५ मध्ये इथेच वारली. फार कमी पर्यटक या दालनापर्यंत येतात. शेवटी गच्चीवर चढून या. नदी, आणि शेजारच्या सांता एंग्रासियाचा घुमट अगदी जवळ दिसतो. पाऊण तास पुरतो.

तो घुमट म्हणजे राष्ट्रीय स्मारकमंदिर. बांधकाम १६८२ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये संपलं, त्यामुळे कधीच न संपणाऱ्या कामाला लिस्बनमध्ये याच चर्चचं नाव देतात. आत वास्को द गामा आणि अफोन्सो द अल्बुकर्क यांची स्मारकं आहेत, पण ती रिकामी आहेत. दोन्हींची तिकिटं काढण्याइतका वेळ या दिवसात नाही, बाहेरून बघून पुढे चला. मंगळवार-शनिवार असेल तर मठाशेजारच्या कमानीतून मागच्या मैदानात जा, तिथे फेरा दा लाद्रा हा बाजार पथाऱ्या मांडून भरतो. जुन्या टाइल्स घेताना सावध राहा. लिस्बनमध्ये इमारतींच्या भिंतींवरून टाइल्स चोरीला जाण्याचा प्रश्न गंभीर आहे, आणि मागच्या बाजूला चुन्याचा ताजा थर दिसला तर ती टाइल कुठून आली असेल ते समजा. नव्या, हाताने रंगवलेल्या टाइल्स घेणं केव्हाही चांगलं.

अकरा वाजता: पोर्ताश दो सोल, आणि किल्ल्याचा निर्णय

पुन्हा रुळ धरा. पुढचा रस्ता इतका अरुंद आहे की काही ठिकाणी ट्राम आणि भिंत यांच्यात जेमतेम एक माणूस मावतो. घंटा ऐकू आली की दाराच्या कोनाड्यात शिरा, भिंतीला पाठ लावा, आणि पिशवी पाठीवर असेल तर ती आधी पुढे घ्या. रुळांमध्ये उभं राहून फोटो काढणारे इथे रोज चालकांना ब्रेक मारायला लावतात. उतारावर ती ट्राम लगेच थांबत नाही.

पोर्ताश दो सोल हा कठडा पूर्वेकडे, नदीच्या रुंद पात्रावर उघडतो. चौकातल्या पुतळ्याच्या हातात नाव आहे आणि नावेवर दोन कावळे. तो संत व्हिन्सेंट आणि तेच शहराचं बोधचिन्ह. नंतर ट्रामच्या खांबांवर, गटाराच्या झाकणांवर ही नाव दिसत राहील.

इथून किल्ला दहा मिनिटांच्या चढावर आहे. एका दिवसाच्या बेतात तो सोडावा, असं आमचं मत आहे. आतला राजवाडा उरलेला नाही, तटबंदीचा बराचसा भाग १९४० च्या सुमारास पुन्हा उभारलेला आहे, तिकीट पंधरा-सतरा युरो आहे, आणि तिथून दिसणारा देखावा तुम्ही सकाळी फुकट आणि अधिक उंचीवरून पाहिला आहे. मुलं बरोबर असतील तर मात्र जरूर जा. तटावरून पळायला जागा आहे आणि अंगणात मोर फिरतात. दीड तास धरा आणि त्या बदल्यात संध्याकाळचं बेलेम छोटं करा.

किल्ला घ्या किंवा सोडा, शेजारच्या सांता लुझिया चर्चची बाहेरची भिंत चुकवू नका. तिथे टाइल्सची दोन मोठी चित्रं आहेत. एकात ११४७ ची किल्ल्याची लढाई आहे. दुसऱ्यात नदीकाठचा राजवाड्याचा चौक १७५५ च्या आधी कसा होता ते दाखवलं आहे. दुसऱ्या चित्राचा फोटो काढून ठेवा. दोन तासांनी तुम्ही त्याच चौकात उभे असाल आणि त्यातलं जवळजवळ काहीच समोर नसेल.

अल्फामा उतरताना

या कठड्याच्या बाजूने पायऱ्या खाली अल्फामात जातात. इथे फोनवरच्या नकाशाचा भरवसा नको: घरं इतकी जवळ आहेत की निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो, आणि नकाशावरच्या दोनशे मीटरांत शंभर पायऱ्या लपलेल्या असतात. फोन खिशात ठेवा आणि तीन नावं लक्षात घ्या. आधी साव मिगेलच्या चर्चसमोरचा चौक, तिथून साव राफाएलचा छोटा चौक, जिथे जुन्या तटाच्या बुरुजाचा अवशेष आहे, आणि मग रुआ दे साव जुआंव दा प्रासा. हा शेवटचा रस्ता टेकडीच्या कुशीतून जवळजवळ सपाट जात थेट कथेड्रलशी निघतो. अल्फामात आलेले बरेच जण उतरत पार नदीच्या रस्त्यापर्यंत जातात आणि कथेड्रलसाठी पुन्हा तीसेक मीटर चढतात. या रस्त्याने तो चढ वाचतो. वाट चुकलीच तर घाबरायचं कारण नाही, कुठलाही उतार नदीकडेच नेतो.

हा भाग रमतगमत बघायचा आहे, पाऊण तास तरी द्या. दारावर वाळत घातलेले कपडे, खिडकीत बसलेल्या आजी, कोळशावर भाजले जाणारे बांगडे आणि सार्डिन, हे सगळं लोकांचं रोजचं घर आहे. खिडकीच्या आत कॅमेरा नेऊ नका, आणि म्हाताऱ्या माणसांना आधी ‘बों दीया’, म्हणजे सुप्रभात, म्हणा. चेहरे लगेच बदलतात.

कथेड्रलचं नाव ‘से’, जुन्या गोव्यातल्या से कथेड्रलशी जुळणारं. मूळ बांधकाम ११४७ नंतरचं, आणि दोन चौकोनी बुरुजांमुळे ते देवळापेक्षा गढीसारखं दिसतं. आत जायला तिकीट आहे. घाईत असाल तर दारातून बघून समोरच्या छोट्या सेंट अँथनीच्या चर्चमध्ये जा. ज्या संताला जग पदुआचा म्हणून ओळखतं तो ११९५ च्या सुमारास इथे जन्मला. त्याच्या जन्माची म्हणून मानलेली जागा तळघरात आहे, तिथे उतरता येतं आणि पैसे लागत नाहीत. गोव्यातली आणि वसईतली माणसं इथे हमखास मेणबत्ती लावून जातात.

चर्चच्या बाजूने खाली उतरलात की टोकदार हिऱ्यांसारख्या दगडांनी मढवलेलं एक घर दिसेल, कासा दोश बिकुश. २५ नोव्हेंबर १५१० ला विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेणाऱ्या अल्बुकर्कच्या मुलाने ते १५२३ मध्ये बांधलं. वरचे दोन मजले १७५५ मध्ये कोसळले आणि १९८० च्या दशकात पुन्हा चढवले गेले. जुना दगड कुठे संपतो ते खिडक्यांच्या धाटणीवरून ओळखता येतं.

एक वाजता: चौक आणि सरळ रस्ते

पाच मिनिटांत तुम्ही प्रासा दो कोमेर्सियोत येता. लिस्बनकर अजूनही त्याला तेरेइरो दो पासो, म्हणजे राजवाड्याचं पटांगण म्हणतात. आता सकाळी काढलेला तो फोटो उघडा. पश्चिमेच्या बाजूला राजवाडा होता आणि त्याला लागून कासा दा इंदिया, म्हणजे गोवा आणि कोचीनहून येणाऱ्या मिरी-मसाल्याचा हिशेब ठेवणारं दफ्तर. भूकंपात इमारत आणि दफ्तर दोन्ही गेलं. १५१५ मध्ये गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याने अल्बुकर्कला दिलेला गेंडा गोव्याहून बोटीने इथे आला. २० मे रोजी तो बंदरात उतरला, आणि ३ जूनला राजाने राजवाड्यापाशी त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्ती पळून गेला. त्या गेंड्याची खूण संध्याकाळी पुन्हा भेटेल.

नदीच्या पायऱ्यांपाशी, दोन खांबांच्या मध्ये, पाच मिनिटं बसा. खालच्या ओल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे उतरू नका. चौकात आणि पुढच्या रस्त्यावर कोणी कानाशी येऊन अमली पदार्थ विकायला काढेल. नाही म्हणा आणि चालत राहा. पाठलाग करत नाहीत.

कमानीतून पुढे सुरू होते ती बाइशा. भूकंपानंतर राजाचा मंत्री मार्केझ दे पोंबाल याने हा सगळा भाग काटकोनात आखून घेतला. भिंतींच्या आत लाकडी तिरप्या पट्ट्यांचा सांगाडा बसवला, जेणेकरून जमीन हलली तर भिंत डोलेल पण कोसळणार नाही. असा सांगाडा तपासण्यासाठी सैनिकांना भोवती ताल धरून चालायला लावलं, असं सांगतात. रस्त्यांना धंद्यांची नावं आहेत: सोनारांचा, चांदीचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा. मधला रुआ औगुस्ता गर्दीचा. तो एकदा बघा आणि बाजूच्या रस्त्याने चाला.

जेवण दीडच्या आसपास घ्या, कारण तीन वाजता बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात. रुआ औगुस्तावर फोटोंची यादी घेऊन बोलावणाऱ्यांकडे जाऊ नका. दोन गल्ल्या आत, कागदावर हाताने लिहिलेला ‘प्रातु दो दीया’ लावलेली छोटी तास्का, म्हणजे साधी खाणावळ, शोधा. दहा-बारा युरोंत दिवसाची थाळी मिळते. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज येईल. ते फुकट नसतं. खाल्लंत तर बिलात लागतं, नको असेल तर हात लावण्याआधी परत पाठवा, कोणाला वाईट वाटत नाही. शाकाहारी असाल तर ‘सें कार्न, सें पैश’, मांस नको, मासा नको, असं दोन्ही वेगवेगळं सांगा. नुसतं मांस नको म्हटलं तर मासा येतो. काल्दो व्हेर्दे या हिरव्या पालेभाजीच्या सूपमध्ये वरून शोरिसूची चकती घालतात, म्हणजे आपल्या गोव्याच्या चोरिझची बहीण. ती घालू नका म्हणून आधीच सांगा. गोव्याच्या माणसांनी चालवलेल्या खाणावळीही लिस्बनमध्ये आहेत, शाकुती आणि बेबिंका मिळते. पण दुपारी तिथे निवांत बसलात तर तास-दीड तास जातो, त्यापेक्षा रात्रीचं जेवण तिकडे ठेवा.

रोसियो, आणि फुकटचा चढ

जेवून रोसियोच्या चौकात या. जमिनीवरच्या काळ्या-पांढऱ्या लाटा डोळ्यांना हलल्यासारख्या दिसतात, पण चौक सपाट आहे. उत्तरेकडे जिथे आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे तिथे पूर्वी इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचं, मुख्यालय होतं. गोव्याच्या इन्क्विझिशनचे धागे इथवर येतात. शेजारच्या साव दोमिंगुश चर्चमध्ये दोन मिनिटं तरी जा. १९५९ च्या आगीत ते आतून जळलं, छप्पर नवं घातलं पण तडकलेले, काळवंडलेले खांब तसेच ठेवले. बाहेर १५०६ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे.

आता दिवसातला दुसरा चढ, आणि तो पायांनी करायचा नाही. सांता जुस्ताच्या १९०२ सालच्या लोखंडी लिफ्टसाठी लोक तासभर उन्हात उभे राहतात. ३ सप्टेंबर २०२५ ला ग्लोरिया फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी गाडी, घसरून सोळा जणांचा जीव गेला. त्यानंतर शहरातल्या जुन्या यंत्रांच्या तपासण्या झाल्या आणि काही बंद ठेवली गेली. म्हणून बेत अशा कुठल्याही यंत्रावर अवलंबून ठेवू नका. त्याऐवजी बाइशा-शियादो मेट्रो स्थानकात बाइशाच्या बाजूने शिरा, तिकिटाच्या फाटकांतून आत न जाता सरकत्या जिन्यांनी वर चढत राहा, आणि शियादोच्या चौकात बाहेर पडा. पैसे लागत नाहीत, उन्हाळ्यात थंडावाही मिळतो. एखादा जिना बंद असेल तेव्हा मात्र पायऱ्या बऱ्याच आहेत.

वर आल्यावर पाच मिनिटांवर लार्गो दो कार्मो आहे. २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशहा सालाझारची राजवट पुढे चालवणाऱ्या मार्सेलो कायतानोने याच चौकातल्या राष्ट्रीय रिपब्लिकन गार्डच्या छावणीत शरणागती पत्करली. त्याच वर्षअखेरीस, ३१ डिसेंबरला, पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्य केलं. तेरा वर्षं अडलेली गोष्ट या चौकातल्या एका दुपारीमुळे सुटली. शेजारी कार्मोचा मठ आहे, भूकंपात छप्पर गेलेला आणि मुद्दाम तसाच ठेवलेला. मठाच्या बाजूने सांता जुस्ता लिफ्टच्या वरच्या पुलावर चालत जाता येतं, रांगेत उभ्या असलेल्यांना दिसणार तोच देखावा बघायला. परतताना रुआ गार्रेतवर १७३२ पासून चालू असलेलं बेरत्रांद पुस्तकांचं दुकान आहे. दहा मिनिटांच्या वर थांबू नका, गाडी गाठायची आहे.

चार वाजता: बेलेम

शियादोहून काइश दो सोद्रे स्थानक सरळ उतारावर, दहा-बारा मिनिटं. काशकाइशच्या दिशेची लोकल पकडा, पण फलकावर बेलेम थांबा आहे का ते बघूनच चढा. जलद गाड्या तिथे थांबत नाहीत आणि नकळत तुम्ही थेट अल्जेशला पोचता. प्रवास सात-आठ मिनिटांचा. १५ क्रमांकाची ट्रामही जाते, पण तिला तिप्पट वेळ लागतो आणि खिसेकापू तिथेही आहेत.

स्थानकाबाहेर समोरच्या बागेत उंच खांबावर अल्बुकर्क उभा आहे. पश्चिमेकडे दहा मिनिटांवर जेरोनिमोस. इथे दोन दारं आहेत आणि त्यांचा घोळ सगळ्यांचा होतो: लांबलचक रांग असते ती मठाच्या ओवऱ्यांची, तिकिटाची. चर्चचं दार वेगळं असून तिथे तिकीट लागत नाही. साडेचारच्या आत पोचा. आत शिरताच डावीकडे वास्को द गामाची शवपेटी आहे आणि उजवीकडे गोव्यात काही वर्षं काढलेल्या कामोंइश कवीची. गामा २४ डिसेंबर १५२४ ला कोचीनमध्ये वारला. त्याचे अवशेष पुढे पोर्तुगालला आणले आणि १८८० मध्ये इथे ठेवले. वेदीजवळ राजा मानुएलची शवपेटी संगमरवरी हत्तींच्या पाठीवर आहे. १५०१ मध्ये सुरू झालेल्या या बांधकामाचा खर्च पूर्वेकडच्या मसाल्याच्या व्यापारावरच्या सुमारे पाच टक्के करातून निघाला. या कोरीव दोरखंडांत आणि पानाफुलांत मलबारच्या मिरीचा पैसा आहे, हे लक्षात ठेवून ते बघावं.

पास्तेइश दे बेलेम १८३७ पासून जवळच आहे. बाहेरची रांग पार्सलची असते. आत बसायला शेकडो खुर्च्या आहेत आणि जागा बहुधा लवकर मिळते. दालचिनी वरून भुरभुरा आणि गरम असतानाच खा. मिश्रणात अंड्याचा बलक असतो, अंडं न खाणाऱ्यांसाठी हा पदार्थ नाही.

नदीकडे जाताना मध्ये रस्ता आणि लोहमार्ग आडवा येतो. ओलांडायला जागा शोधत बसू नका, बागेच्या टोकाला भुयारी वाट आहे आणि ती १९६० च्या दर्यावर्दी स्मारकापाशी निघते. तिथून किनाऱ्याने वीस मिनिटं पश्चिमेला चाललं की बेलेमचा मनोरा. आत जाण्याचा हट्ट नको. जिना एकच आणि अरुंद आहे, चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना आळीपाळीने सोडतात, आणि खरं सौंदर्य बाहेरून आहे. पश्चिमेच्या बाजूला जाऊन वायव्येकडच्या पहाऱ्याच्या छोट्या बुरुजाच्या तळाशी बघा. वाऱ्यापावसाने झिजलेलं एक जनावराचं डोकं आहे. गोव्याहून आलेला तोच गेंडा.

जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, डिसेंबरमध्ये सव्वापाचलाच. हिवाळ्यात जात असाल तर शियादो आणि कार्मो अर्ध्या तासात उरका आणि तीनच्या आत बेलेमला पोचा. नदीवरचा वारा उन्हाळ्यातही संध्याकाळी गार असतो, पातळ जाकीट दिवसभर पिशवीत वागवल्याचा फायदा इथे कळतो.

गुडघे दुखत असतील तर

आई-बाबा बरोबर असतील तर एक गोष्ट आधी सांगायला हवी: दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार आणि पायऱ्या जास्त त्रास देतात. त्यामुळे हा मार्ग त्यांच्यासाठी जसाच्या तसा बरोबर नाही. ग्रासापर्यंत ट्रामने आणि साव व्हिसेंतेपर्यंत सोबत जा, मग अल्फामाच्या पायऱ्या टाळून पोर्ताश दो सोलहून पुन्हा ट्रामने किंवा टॅक्सीने कथेड्रलला उतरा. उलट दिशेने, बाइशातून वर जायचं असेल तर रुआ दोश फान्केइरुशवरच्या एका इमारतीत महापालिकेची फुकट लिफ्ट आहे. तिच्यातून बाहेर पडून दोन मिनिटं चाललं की शाव दो लोरेइरोच्या वाहनतळाची दुसरी लिफ्ट किल्ल्याच्या पायथ्याशी सोडते. काठी असेल तर तिच्या टोकाचं रबर नवं घालून घ्या, झिजलेलं रबर या दगडांवर अजिबात धरत नाही.